माप

बापाच्या हाताचं चित्र घेऊन मी दुकानात गेले.
ज्या तपकिरी कागदात आम्ही मांस गुंडाळतो
त्याच कागदावर पेन्सिलीने काढलेलं:
चार बोटं, एक अंगठा,
आणि तळव्याच्या जागी चरबीचा डाग,
ज्यातून पलीकडचं दिसतं.

व्हेसेल्काच्या दुकानात खिळे, दोर, कोंबड्यांचं खाद्य
आणि मागच्या भिंतीवर हातमोजे,
बोटं वर करून टांगलेले,
शरण आल्यासारखे.
"एर्विनसाठी? एर्विन आणि मोजे?"
व्हेसेल्का हसायला लागला
आणि मधेच थांबला.
गावात बातमी पोचलीच असणार.

चाळीस वर्षं माझ्या बापाने
भट्टीतलं मांस उघड्या हातांनी उचललं.
चौदा तास ओकच्या धुरात पडलेलं ब्रिस्केट
तो असं घ्यायचा, जसं गाडीत झोपलेलं पोर
जाग येऊ न देता घरात न्यावं.
चिमट्याला काय अक्कल असते, म्हणायचा.
झालेलं मांस थरथरतं, लिओना,
ते बोटांना सांगतं, घड्याळाला नाही.

मग रक्तातल्या साखरेने
एकेक बोट मुकं केलं.
आधी पायांची. पायांचं त्याने आम्हाला सांगितलंच नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी वास आला.
मी याच धुरात वाढले आहे,
बैल, डुक्कर, मेंढी, सॉसेज,
डोळे मिटूनही ओळखते.
हा त्यातला नव्हता.
बाबा जाळीवर हात टेकून उभा होता,
गिऱ्हाइकाशी कापसाच्या भावाबद्दल बोलत.

तर, हातमोजे.
लाल सिलिकोनचे: जाड, ऐटदार,
त्यातून ब्रिस्केट मासळीसारखं निसटेल.
वेल्डरचे, चामड्याचे, कोपरापर्यंत:
हे त्याला आवडले असते.
पण चामडं चरबी पितं,
आणि प्यायलेलं चामडं विस्तव सोडत नाही.
विणलेले, पाकिटावर आठशे अंश लिहिलेले:
खरं आहे, कोरडे असेपर्यंत.
एकदा रस मुरला की वाफ थेट कातडीला.

"आत सुती, वर पातळ रबरी," व्हेसेल्का म्हणाला,
"आणि एक माप मोठं घे.
भाजायला लागलं की झटक्यात निघायला हवेत."
भाजायला लागलं हे त्याला कळणार कसं,
असं मी विचारलं नाही.
तोही खिळ्यांचा डबा उगाच
इकडून तिकडे ठेवत राहिला.

मापासाठी कागद काउंटरवर पसरला.
फावड्यासारखे हात, असं सगळा गाव म्हणायचा.
सहज माझा हात त्यावर ठेवला.
तो मावला. नीट मावला.
कडेला पेन्सिलीची रेघ जेमतेम दिसत राहिली.

दोन जोड घेतले. एकाच मापाचे.

पहाटे चार वाजता बाबाने ते चढवले,
काही बोलला नाही, फक्त भट्टीला शिवी दिली.
झाकण उचललं. धूर त्याच्या चेहऱ्यावर आला,
डोळ्यांत पाणी, ते धुराचंच, असं धरून चालू.
त्याने काळ्या रबरी हातांनी मांस तोललं,
दाबलं, पुन्हा दाबलं,
भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू येत नाही
तशी मान वाकडी करून.

"झालं का गं?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला हे विचारलं.
मी उजव्या हाताचा मोजा काढला,
दोन बोटं टेकवली.
चटका बसला. बसला तेव्हा बरं वाटलं.

"नाही अजून," मी म्हणाले. "अर्धा तास."

त्याने झाकण लावलं,
आणि तो अर्धा तास आम्ही
लाकडं ओली निघाल्याबद्दल
मारेकच्या नावाने खडे फोडत बसलो.